पुळणवाडीची गुणवंत माती

सर्व जमीन सारखी नसते, हे सत्य शासनाला उमगलं आणि शासनाने ते सगळीकडे सारख्याच पद्धतीने राबवायचं ठरवलं. त्याआधीचा काळ अज्ञानाचा होता. आचऱ्याहून तोंडवलीकडे जाताना जी पुळणवाडी लागते, तिथे त्या काळात भाजीला खत घालायचं एकच माप होतं, मूठ. मूठ कुणाची, याचा विचार झालेला नव्हता. सासऱ्यांची मूठ मोठी असली की वांगी करपत, सुनेची लहान असली की मिरची रुसत असे, आणि दोन्ही वेळा दोष बियाण्यावर जाई. (बियाणं उलट बोलत नाही, हा त्याचा मोठा गुण.)

वाडी एवढीशी, घरं एक्केचाळीस, पण जमीन तीन तऱ्हांची. समुद्राच्या अंगाला पुळण, म्हणजे निव्वळ वाळू. तिच्यात ओतलेलं पाणी आणि घातलेलं खत दोन्ही दुसऱ्या दिवशी विहिरीत भेटतात. खाडीच्या अंगाला मळा, त्याला मिठाची चव. आणि वर भरडावर तांबडी, आंबट माती. तिला स्फुरद दिला तर ती तो गिळून बसते, पिकाला वासही लागू देत नाही. या तिघींना वर्षानुवर्षं एकाच गोणीतलं एकच खत मिळत होतं, आणि तिघींनी कधी तक्रार केली नव्हती. फक्त भाजी येत नव्हती.

योजनेचं नाव होतं 'मातीनुसार मात्रा'. ज्या वाफ्यात जे कमी, ते आणि तेवढंच त्याला द्यायचं. जास्त घालून माती नासवायची नाही, कमी घालून पीक उपाशी ठेवायचं नाही. कल्पना इतकी शहाणपणाची होती की ती खरोखर अमलात येईल असा संशय सुरुवातीला कुणालाच आला नाही.

योजनेसोबत चौदा सूचनांचं पत्रक आलं. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारी वाडीत एकच व्यक्ती निघाली, रसिका. (छापणाऱ्यानेही ते वाचलं नसावं. नवव्या क्रमांकाची सूचना त्यात दोनदा आहे, आणि दोन्ही वेळा निराळी आहे.)

रसिका रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. नवरा सिद्धेश मालवाहू बोटीवर, वर्षातले आठ महिने पाण्यात. घरी ती, सासू सावित्री आणि तीन वर्षांची लेक रिया. पत्रकं वाचायची सवय तिला रियामुळे लागली. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला जो पातळ कागद असतो तो ती पूर्ण वाचते, आणि त्यातल्या दुष्परिणामांपैकी निदान तीन तरी रियाला संध्याकाळपर्यंत झालेले असतात.

या खेपेला मात्र काळजीला कागदाचा आधार होता. रियाचं हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक सहा भरलं होतं. मालवणातल्या मुलांच्या डॉक्टरांनी लोहाचं औषध लिहून दिलं आणि म्हणाले, "खरं काम पालेभाजीचं. लाल माठ, मुळ्याचा पाला, चवळीचा पाला, रोज काहीतरी पोटात जाऊ दे. सहा महिन्यांनी परत रक्त बघू." तेव्हापासून रसिका दिवसातून चार वेळा रियाची खालची पापणी ओढून आतला रंग बघे, त्यातल्या दोन वेळा खिडकीच्या उजेडात. पुढे पुढे अंगणात कुणीही नवीन माणूस आलं की रिया आपणहून पापणी ओढून उभी राहू लागली.

पालेभाजी बाजारात मिळत होती. घाटावरून ट्रकने येते, जुडी हिरवीगार, टवटवीत. रसिकाला तो टवटवीतपणाच खटके. जी भाजी एवढा घाट उतरूनही दमत नाही, तिच्यावर काहीतरी मारलेलं असणार. म्हणून तिने परसातल्या दोन गुंठ्यांत वाफे काढले. तिथे लाल माठ उगवे, बोटभर वाढे आणि मग विचार करत उभा राही. रंग असा, की त्याचंही रक्त तपासून घ्यावं. सावित्री जाता-येता त्यावर युरियाची मूठ भिरकावी, आणि रसिका ज्या वाफ्यावर मूठ पडली त्यातली भाजी पंधरा दिवस रियाला देत नसे. आपल्या वाळूला नेमकं काय हवं आणि किती हवं, हे कुणीतरी लिहून द्यावं, एवढंच तिचं मागणं होतं. आणि नेमकं तेच लिहून द्यायला शासन निघालं होतं.

मातीचा नमुना घेण्याची रीत पत्रकात दिली होती. वाफ्यात आठ ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्यायचे. त्यांच्या कडेची माती खरवडून एकत्र करायची. ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, पुन्हा चार भाग, असं अर्धा किलो उरेपर्यंत. झाडाखालची, गोठ्याजवळची, खताच्या ढिगाजवळची माती चुकूनही घ्यायची नाही. पिशवी स्वच्छ आणि कापडी. रसिकाने आठ जागी आठ काठ्या रोवून ठेवल्या. पिशव्या न्यायला कृषी सहायक दीपिका मॅडम सोमवारी येणार होत्या. त्याप्रमाणे त्या शनिवारी आल्या. (सोमवारी त्यांना, लोक योजनेला वेळेवर का येत नाहीत, या विषयावर बैठक होती.) शनिवारी रसिका रियाचा खोकला दाखवायला आचऱ्याला गेली होती.

ती परतली तेव्हा सावित्री पडवीत पाय पसरून बसली होती, तिच्या चेहऱ्यावर कार्य पार पडल्याचं समाधान.

"दिलंय गो पिशवी," ती म्हणाली. "बाय खूश झाली. म्हणता, आजी, अशी माती मी खंय बघूक नाय."

"पण आई, काठये तशेच आसत. खड्डे खंय खणलात?"

"खड्डे कित्याक? तुळशीखालची दिलंय."

सावित्री या घरात आली त्याला अडतीस वर्षं झाली. अडतीस वर्षं रोज सकाळी त्या तुळशीला पाणी, वर तांदळाच्या धुवणाचं पाणी, चुलीतली राख, शेणाचा काला आणि सणावारी निर्माल्य. ती माती काळी, मऊ, हाताला लोण्यासारखी. सावित्रीने ती आधी सुपात वाळवली, मग तांदळाच्या चाळणीने चाळली. दोन गांडुळं सापडली ती उचलून माठाच्या वाफ्यात सोडली (त्या वाफ्याला त्या वर्षी मिळालेलं हे पहिलं सेंद्रिय खत). पिशवी शिवायला ओटीत आलेला कोरा खण फाडला.

"आई, माका वाफ्यातली माती तपासूची होती. तुळशीखाली मी माठ पेरतंय काय?"

"वाफ्यातली सरकारात धाडूची? ती रेव? चार माणसां पिशवी उघडतली, हातात घेतली, नावां ठेवतली. पावण्याक कोण फुटक्या कपातसून चाय देता काय गो?"



सावित्रीचं काही विशेष चुकलं असं समजू नये. मातीची परीक्षा आहे म्हटल्यावर वाडीने ती परीक्षेसारखीच घेतली, आणि परीक्षेला कुणी मुलाला शेंबड्या नाकाने पाठवत नाही. नंतर रसिकाने घरोघरी चौकशी करून जो तक्ता मांडला तो असा: तुळशीखालची माती, एकोणतीस घरं, नारळाच्या आळ्यातली, सात, गोठ्याच्या दारातली, चार. उरलेल्या एका घराला बारा वर्षं कुलूप आहे, माणसं मुंबईत. त्यांचं नाव मागे पडू नये म्हणून त्यांच्या वाट्याची पिशवी शेजाऱ्यांनी आपल्या तुळशीखालून भरून दिली. शेजारधर्म वाडीत अजून आहे. ज्या जमिनीत भाजी पिकवायची होती तिथला नमुना एकही नव्हता, त्यामुळे निष्कर्षात गोंधळ होण्याची शक्यता मुळातच टळली.

महिन्याभराने कार्डं आली. पुळणीतल्या वाळूत सेंद्रिय कर्ब शेकडा पाव-अर्धा निघाला तरी पुष्कळ. पुळणवाडीचा सरासरी एक पूर्णांक बत्तीस निघाला. तपासणाऱ्यांनी म्हणे यंत्र दोनदा पुसलं. प्रत्येक कार्डावर नत्र भरपूर, स्फुरद भरपूर, पालाश अत्यंत भरपूर. खाली शिफारस: 'कोणत्याही खताची आवश्यकता नाही.' शेरा: 'अशीच काळजी घ्यावी.'

समुद्रकाठच्या वाळूत अशी माती तालुक्याने पाहिली नव्हती. त्यामुळे शंका यायला हवी होती. पण शंकेसाठी वेगळा निधी नसतो, सत्कारासाठी असतो. वाडीला 'गुणवंत मृदा वाडी' म्हणून जाहीर करण्यात आलं. देवळाच्या मांडवात कार्यक्रम झाला. सरपंच बाबली म्हणाले, की आपल्या पूर्वजांनी ही माती राखली, आता ती जबाबदारी तरुणांवर आहे. (तरुण मुंबईत होते. त्यांना चित्रफीत पाठवण्यात आली.) वाडीच्या तोंडाशी फलक लागला आणि त्यावर सगळ्या नमुनादात्यांचा एकत्र फोटो. सावित्री पुढच्या रांगेत, खुर्चीवर.

इथपर्यंत कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण योजना शिस्तीची होती. खताच्या दुकानातल्या यंत्राला प्रत्येकाचं कार्ड जोडलेलं. अंगठा ठेवला की यंत्र नाव वाचून दाखवी, गुणवंत म्हणून अभिनंदन करी आणि खाली मात्रा दाखवी, शून्य. दुकानदाराचा इलाज नव्हता. यंत्र खोटं बोलत नव्हतं. माती खोटं बोलली होती, आणि मातीला अंगठा नसतो.

दिवाळीनंतर पेरलेला माठ वाडीभर पिवळा पडला. मुळा मुळाशीच थांबला. मिरचीने फुलं धरली आणि खाली टाकली. गुणवंत मातीत असं का व्हावं, याचा वाडीने सर्व बाजूंनी विचार केला आणि एकमताने ठरलं की फोटो लागल्यामुळे दृष्ट लागली. सावित्रीने तिन्हीसांजेला वाफ्यांवरून मीठ-मिरच्या उतरून टाकल्या. त्या महिन्यात वाफ्याला बाहेरून मिळालेली ती एकमेव मात्रा. आणि ते मीठ होतं.

रियाच्या सहा महिन्यांतले तीन संपले होते. रसिका पिशवीत पिवळा माठ मुळांसकट घेऊन कार्यालयात गेली.

दीपिका मॅडमनी तो टेबलावर ठेवून घेतला आणि कार्यालयीन मराठीत समजावून सांगितलं. कार्ड तीन वर्षं वैध आहे. पीक कार्डाशी जुळत नसेल तर तो पिकाचा विषय आहे आणि पिकांचा विभाग वरच्या मजल्यावर आहे. पुनर्नमुना घेता येतो, त्याचा नमुना-अर्ज आहे. मात्र पहिली पिशवी ज्या हाताने दिली त्याच हाताने त्यावर लिहून सही करायची, की 'सदर माती माझ्या शेतातील नव्हती.' मग त्या वाडीतल्या ज्यांनी ज्यांनी नमुने दिले त्या सर्वांना फेरतपासणीची संधी देण्यात येते.

मग त्यांनी दाराकडे बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"रसिका, माका काय कळला नाय असा समजा नको. तीस पिशव्यांत तुळशीचे मंजिरे गावले."

"मगे लिवलात कित्याक नाय?"

"खंय लिवतलंय? अर्जात मंजिरेक रकानोच नाय."

अर्ज घरी आला आणि आठ दिवस फळीवर पडून राहिला. रसिकाने आधी शास्त्र सांगून पाहिलं. मुळं, कर्ब, वाळूतून झिरपणारं नत्र. सावित्रीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मगे फलकावरचो माझो फोटो काडतले?" नंतर रसिकाने रियाचं रक्त काढलं, म्हणजे बोलण्यात.

"आई, पोराच्या पोटात भाजी गेली होयी. तुमका बघवता कसा?"

"आमच्या घराण्यात रगात कमी कोणाक नव्हता," सावित्री म्हणाली. "ता तुझ्या म्हायारसून इला आसात."

नातीवर तिचा जीव होता, यात संशय नको. रात्री रियाला कुशीत घेऊन तीच झोपे. पण जीव घरातला असतो आणि फलक रस्त्यावर. ज्याला जी जागा.

शेवटी जे घडलं ते रसिकाने ठरवून केलं नाही, असं ती म्हणते. सावित्री आडाळ्यावर नारळ खवत होती आणि रसिका शेजारी बसून वाडीची कार्डं फोनवर एकेक करून वाचत होती. वाचता वाचता मोठ्याने म्हणाली, "यशोदाकाकीचो कर्ब एक पूर्णांक बेचाळीस. आमचो अडतीस."

खवणं थांबलं. यशोदाकाकी पलीकडच्या कुंपणापाठच्या. दोघी एकाच वर्षी सुना होऊन आलेल्या.

"म्हणजे काय?"

"म्हणजे, त्यांची माती आमच्या मातयेपेक्षा बरी."

"तिची तुळस माझ्या तुळशीपरास बरी?"

"कार्डात तसा आसा."

"तिणा शेण घातलान. आदल्या दिसा. मी ह्या डोळ्यांनी बघलंय," सावित्री म्हणाली. मग तिने करवंटी खाली ठेवली. "परत तपासणी लागली तर तिचीव होतली?"

"सगळ्यांका बोलवतत."

"सही खंय करूची?"

अशा रीतीने सत्य बाहेर आलं. दुसऱ्यांदा खड्डे आठ खणले, वीतभर मापून. ढिगाचे चार वेळा चार-चार भाग केले. माती उशीच्या जुन्या अभ्र्यात गेली. सावित्री तेवढा वेळ कुंपणाकडे तोंड करून उभी होती. यशोदाकाकींनी फेरतपासणीला यायला नकार दिला. आपली माती एकदा पास झाली आहे, ती परत परत का बसवायची, असं त्यांचं म्हणणं. सावित्रीला हवा होता तो निकाल तिला तिथेच मिळाला.

नवीन कार्ड आलं. कर्ब शून्य पूर्णांक अठ्ठावीस, नत्र कमी, पालाश कमी, बोरॉन फारच कमी. रसिकाला इतका आनंद तिच्या स्वतःच्या निकालाने झाला नव्हता. शिफारस साधी होती. कुजलेलं शेणखत वाफ्यात भरपूर मिसळा. युरिया मुठीने नको. वाळूत एकदम घातलेलं एकदम निघून जातं. दर दहा दिवसांनी थोडा थोडा, ओळीच्या बाजूला, पाण्यासोबत. पालाशही तसाच, हप्त्याहप्त्याने. बोरॉन फक्त नावापुरतं, चमच्याच्या टोकावर. दुकानातल्या यंत्रानेही अंगठ्याला पहिल्यांदा शून्य सोडून दुसरा आकडा दाखवला. सावित्रीने ते कार्ड तांदळाच्या पिंपात तळाशी नेऊन ठेवलं, पाहुण्यांची नजर पडू नये म्हणून. पण मूठ मारायची तिने सोडली.

पाच आठवड्यांत माठ गुडघ्याला लागला. रंग असा, की पानं चुरली तर बोटं दोन दिवस लाल. वाडी बघायला आली. रसिकाने प्रत्येकाला सगळं समजावून सांगितलं, प्रत्येकाने मान हलवली आणि अर्ज एकानेही नेला नाही. बाकीच्या चाळीस घरांची माती आजही उत्तम आहे, भाजी घाटावरून येते. दीपिका मॅडमनी माठाचा फोटो काढून वर पाठवला आणि योजनेच्या पुढच्या पत्रकावर तो छापून आला. खाली ओळ होती: 'गुणवंत पुळणवाडी: शून्य खतावर फुललेला माठ.'

राहता राहिली रिया.

रियाने माठ तोंडात घेतला, क्षणभर धरला आणि पुढ्यातल्या पाटावर व्यवस्थित ठेवला. रसिकाने तो डाळीत घातला, घावण्यात घातला, बारीक वाटून भाकरीच्या पिठात मळला. रिया प्रत्येक खेपेला त्यातला लाल कण शोधून काढी. अशी बारीक नजर त्या तपासणीवाल्यांकडे असती तर ही कथा घडलीच नसती. ती खाई ते मीठ घातलेली पेज, चहात बुडवलेलं बिस्कीट आणि फोनवर गाणं चालू असेल तर अर्धं केळं. वाफ्यातला सगळा माठ दोघी मोठ्या खात होत्या. सावित्रीला तरतरी वाटू लागली.

सहा महिने भरले तशी रसिका रियाला घेऊन मालवणला डॉक्टरांकडे गेली. गर्दी होती, म्हणून डॉक्टर दोन-दोन मुलं एकदम आत घेत. आतल्या बाकावर नातवाला मांडीवर घेऊन यशोदाकाकी बसल्या होत्या. त्या सरकून बसल्या आणि त्यांनी रियाकडे नीट पाहून घेतलं.

डॉक्टरांनी सुई काढली होती. रियाने आईच्या पदरात तोंड खुपसलं. "बघू," डॉक्टर फाइल उघडत म्हणाले, "पालेभाजी सुरू केली का? दिवसभरात काय काय खाते ते सांगा."

रसिका बी.एस्सी. होती. प्रश्न तिला नीट कळला होता, आणि उत्तर कशासाठी हवं आहे तेही. यशोदाकाकींनी नातवाचं नाक पुसायचं थांबवून मान थोडी पुढे केली.

"सकाळी नाचणीचं सत्त्व," रसिका म्हणाली. "दुपारी लाल माठ, घरचा. भात, डाळ, मासळी. संध्याकाळी फळ. रात्री परत माठ, भाकरीबरोबर. मागून घेते."

"वा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी सुई परत ट्रेमध्ये ठेवली. "एवढं खाते तर टोचायला कशाला? औषधही बंद करू. हेच चालू ठेवा." आणि फाइलवर लिहिलं: आहार उत्तम.

रसिका उठली. दारापर्यंत चार पावलं होती आणि त्या चार पावलांत बोलायला पुष्कळ वेळ होता. यशोदाकाकी बघत होत्या. "थँक यू, डॉक्टर," ती म्हणाली.

रसिकाला नावं ठेवायला हरकत नाही. शिकलेल्या बाईला एवढं कळायला हवं होतं. फक्त त्याआधी, ज्यांच्या घरात मूल आहे अशा वाचकांनी एक लहानसा रकाना भरून द्यावा: काल आपल्या मुलाने दिवसभरात काय काय खाल्लं? खरं उत्तर आठवत असेल तर ते राहू द्या. शेजारीण समोर बसली असताना जे सांगता तेच लिहा, कारण औषध मिळणार आहे ते कागदावरच्याच मुलाला.